नाव न घेता ओतलेली वाईन

१

वाईन चाखायची खरी वेळ सकाळी अकराची. तोंडातली झोप तोवर गेलेली असते आणि दुपारच्या भुकेने जिभेला अजून खोटं बोलायला शिकवलेलं नसतं. म्हणून यशश्री साडेआठलाच न्याहारी उरकायची, तीही बिनकांद्याची. दात नुसत्या पाण्याने घासायचे, केसांना तेल नाही, अंगाला पावडर नाही. "घरात सुतक असल्यासारखी निघतेस," असं आई रोज म्हणायची. यशश्री उत्तर द्यायच्या भानगडीत न पडता पंचवटीतून स्कूटर काढायची आणि गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागायची.

वायनरीतली चाखायची खोली उत्तरेच्या उजेडाची होती. भिंती पांढऱ्या, टेबल पांढरं, खिडकीसमोरच्या भिंतीला पांढरं बेसिन. टेबलावर ग्लास, पाण्याचा जग, बिनमिठाची बिस्किटं आणि थुंकायचं स्टीलचं भांडं. सगळे त्याला स्पिटून म्हणत. पिंपं आणि ग्लास सांभाळणारा सायखेड्याचा सोमनाथदादा तेवढा पिकदाणी म्हणायचा. चाखणारा माणूस गिळत नाही. घोट तोंडात घोळवायचा, त्यावरून हवा ओढायची आणि थुंकायचा.

त्या सोमवारी टेबलावर एकच बाटली होती, गळ्यापर्यंत काळ्या कापडी मोज्यात झाकलेली. मुख्य वाईनमेकर मोहिनी मॅडमनी ती फ्रान्सहून स्वतः आणली होती. बोर्डोची तांबडी, अनेक द्राक्षांच्या वाईन एकत्र जुळवलेली.

"रोज सकाळी दोन घोट घे," त्या म्हणाल्या होत्या. "बूच काढायचं नाही, बुचातून सुई घालायच्या यंत्राने वाईन काढ. शुक्रवारी मला सांग, यात कुठली द्राक्षं आहेत आणि कुठलं किती. जमलं तर यंदाची आपली रिझर्व्ह, सगळ्यात वरची वाईन, तू जुळवायचीस."

"आणि नाही जमलं तर?"

"तर शनिवार-रविवार काउंटर. पर्यटकांना ओतून द्यायचं आणि त्यांचे फोटो काढायचे."

यशश्री सव्वीस वर्षांची होती, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आणि दोन वर्षं ग्लास हुंगून हुंगून नाक झिजवलेली. काउंटरवर उभं राहायला ती जन्मली नव्हती.

तिने ग्लास पांढऱ्या कागदावर कलता धरला. मधला रंग पिकल्या जांभळासारखा, कडेला विटकरी. म्हणजे वय आहे. वास घेतला. आधी काळं फळ, मग नुकतंच टोक केलेल्या पेन्सिलीचा भुसा, त्यामागे वाळलेलं तंबाखूचं पान. घोट घेतला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. तुरटपणा होता, पण शिकलेल्या माणसाच्या रागासारखा, आवाज न चढवणारा. ती थुंकली आणि चव किती टिकते ते मनात मोजू लागली. एकवीस आकडे.

ग्लासाच्या तळाशी चमचाभर वाईन उरली होती आणि तिच्यात गाळाचे कण दिसत होते. गाळ बोटांत चोळून पाहिला की वयाचा अंदाज पक्का होतो. यशश्री बेसिनपाशी गेली, उजवा तळहात पसरला आणि त्यावर ग्लास ओतला. कण हातावर राहिले, वाईन अंगठ्याच्या बाजूने ओघळून खाली गेली. कण चोळून झाले, हात पुसायला तिने कागद घेतला आणि सहज खाली पाहिलं.

बेसिन कोरडं होतं.

पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर तांबडा ओघळ नव्हता, थेंब नव्हता. तिने बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत. सरळ भोकात गेली असेल, ती स्वतःशी म्हणाली. भोक बेसिनच्या मागच्या कडेला होतं आणि तिचा हात पुढच्या कडेला. हे तिला दिसत होतं, तरी ती तसंच म्हणाली आणि टिपण लिहायला बसली.

२

पितृपक्ष चालू होता. यशश्रीचे वडील ढुंढिराज रामकुंडावर लोकांचे विधी करायचे, त्यामुळे या पंधरवड्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. त्या संध्याकाळी ते चहाला बसले आणि कप तिच्या हातून घेताना थबकले.

"हे काय?"

तिच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधल्या कातडीवर जांभळा डाग होता.

"वाईन. विटाळ झाला का घराला?"

"ते नाही विचारलं. इथून सांडली? पितरांना पाणी सोडतात तिथून?"

"सांडली नाही, ओतली. गाळ बघायचा होता."

"तोंड कुठे होतं?"

"माझं? नेहमीच्या जागी. नाकाखाली."

आई फस्सकन हसली. ढुंढिराज हसले नाहीत.

"दक्षिणेला होतं का, यशू?"

यशश्रीच्या डोळ्यांसमोर खोली आली. खिडकी उत्तरेला, बेसिन तिच्या समोरच्या भिंतीला. तिला उगाचच राग आला.

"असेल. बेसिन गवंड्याने बसवलंय, मी नाही."

"कुणाचं नाव घेतलंस ओतताना?"

"बाबा, मी उरलेली वाईन फेकली. तर्पण नाही केलं. तुमचं ते घाटावरचं घरी आणू नका."

"बरं. पण आता पुन्हा तशी ओतू नकोस."

"का?"

ते गप्प बसले. यशश्रीला या गप्प बसण्याची चीड होती. उत्तर नसलं की मोठी माणसं गप्प बसतात आणि वर त्याला अनुभव म्हणतात.

३

मंगळवारी एकविसाचे अकरा झाले.

तीच बाटली, तेच तापमान, तीच जीभ. अकराव्या आकड्याला चव अशी तुटली, जणू कुणी मधूनच ताट ओढून घेतलं. जीभ दमली असेल, तिने लिहिलं. बुधवारी आकडे चार झाले.

सोमनाथदादा भांडी न्यायला आला आणि स्पिटून उचलून थांबला.

"ताई, गिळायला लागल्या काय?"

"म्हणजे?"

त्याने भांडं कलतं करून दाखवलं. तळ आरशासारखा चकचकीत होता.

"मी आत्ता दोनदा थुंकलेय यात."

"मंग पिकदाणीलाच तहान लागली असंल." तो खो खो हसला. "मॅडमला नाय सांगत, घाबरू नका. फ्रेंच माल हाय, मला पण नसती थुंकवली. लय जिवावर आलं असतं."

"दादा, ठेवा ते भांडं."

तो गेल्यावर तिने पाणी तोंडात घेऊन थुंकलं. पाणी राहिलं. मग घोटभर वाईन थुंकली आणि पापणी न लववता पाहत राहिली. पाण्यात तांबडी ढगासारखी पसरली. राहिली. आपण मूर्ख आहोत असं यशश्रीने स्वतःला बजावलं, पेन घ्यायला वळली आणि परत फिरली. भांड्यात स्वच्छ पाणी होतं. नुसतं पाणी.

तिने ताजी वाईन काढली, ग्लास गोल फिरवला आणि टेबलावर ठेवून दिला. हात मांडीवर घेतले. आपण काही करायचं नाही, नुसतं बघायचं, असं तिने ठरवलं.

काचेच्या आतल्या बाजूला, वाईनच्या जरा वर, वाफ धरली. बोटाच्या पेराएवढा पांढुरका ठिपका. तो विरला. पुन्हा धरला. खोलीत गारवा आहे, वाईन ओलसर आहे, वाफ धरणारच. ठिपका विरला, धरला. यशश्रीच्या लक्षात आलं की आपला श्वासही त्याच तालात चाललाय. तिने श्वास रोखला.

ठिपका विरला. धरला. विरला.

तिने घाईने ग्लासाच्या तोंडावर तळहात दाबला. हाताला खालून ऊब लागली, मग ऊब गेली, मग पुन्हा लागली. एखादं माणूस अगदी जवळ झोपलेलं असावं तशी.

४

गुरुवारी चव आलीच नाही.

वास नाही, तुरटपणा नाही. तोंडात फक्त ओलं काहीतरी. तिने चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं, लिंबाची फोड चावली, सोमनाथदादाच्या डब्यातला ठेचा बोटभर खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडात वाळू घातल्यासारखंच. सर्दी नव्हती. तिने औषधाच्या दुकानातून करोनाची पट्टी आणून नाकातला नमुना तपासला. एकच रेघ, म्हणजे तेही नाही.

परीक्षा उद्यावर आली होती आणि तिच्या वहीत द्राक्षांची नावं होती, प्रमाणं नव्हती. भीती वाटायला वेळ नव्हता. ती विज्ञानाची विद्यार्थिनी होती. सोमवारी चव होती, नंतर गेली, तर मधे काय बदललं? बाटली नाही, ग्लास नाही, वेळ नाही. सोमवारी केलेली आणि नंतर न केलेली गोष्ट एकच होती.

बाबांचा चेहरा तिला आठवला आणि त्यांनी सांगितलेलं धुडकावण्यात नेहमी वाटायचं तसं बरं वाटलं. प्रयोग म्हणून करून पाहू. काहीच झालं नाही तर निदान तो खुळचट विचार तरी डोक्यातून जाईल.

ती बेसिनपाशी गेली, तळहात पसरला आणि अंगठ्याच्या बाजूने थोडी वाईन सोडली. उरलेला घोट तोंडात घेतला.

आणि सगळं एकदम आलं. सोमवारी आलं होतं ते त्यापुढे काहीच नव्हतं. जांभूळ, करवंद, उन्हात तापलेली खडी, चामड्याच्या जुन्या पट्ट्याचा वास, लाकडाचा धूर. एकेक द्राक्ष वेगळं उभं राहून आपलं नाव सांगत होतं. यशश्रीला हसू फुटलं. थुंकून ती मोजू लागली. वीस. पंचवीस. तीस.

तिसाला बेसिनमधून आवाज आला.

नळीत पाणी खळखळतं तसा नव्हता. एकच घोट गिळल्याचा आवाज होता तो. जाड, सावकाश, कंठमणी वर जाऊन खाली येतो तसा. आणि त्यामागून, अंगावर काटा यावा इतका समाधानाचा, लांब सुस्कारा.

यशश्री वही तिथेच टाकून बाहेर पळाली. बाहेरच्या ओट्यावर सोमनाथदादा पिंपं धूत होता.

"काय झालं, ताई? पांढऱ्याफटक पडल्या."

"बेसिनच्या नळीत काहीतरी अडकलंय."

"कुठलं बेसिन? त्या खोलीतलं?" त्याने मान हलवली. "त्याला नळीच नाय जोडलेली, ताई. सोमवारी सकाळीच काढलीय दुरुस्तीला. खाली बादली ठेवलीय. बघितली मी आत्ता. कोरडी हाय."

दुपारपर्यंत तिच्या तोंडातून चव उतरून गेली. प्रमाणं लिहायची राहून गेली.

५

शुक्रवारी सकाळी चहा बाबांनी केला. असं कधी होत नसे. घाटावर जायची वेळ टळून गेली होती, तरी ते समोर बसले आणि ती कप रिकामा करेपर्यंत हलले नाहीत.

"कसा झालाय?"

"छान."

"मीठ घातलंय त्यात मी. तीन चमचे."

यशश्रीने कपाकडे पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"मी प्यायलो असतो तर मलाही कळलं नसतं," ढुंढिराज म्हणाले. "एकतीस वर्षं झाली. तुझ्या आईच्या हाताला चव आहे म्हणतात. मी ती अजून चाखलेली नाही."

"काय बोलताय तुम्ही?"

"घाटावर गर्दी होती. एक यजमान वडिलांचं नाव सांगता सांगता रडायला लागला. मला पुढचे चार जण उरकायचे होते. थांबलो नाही. नाव न घेता ओतलं."

"मग?"

"मग कुणीतरी घेतलं."

"कुणी?"

"नाव घेतलं असतं तर सांगता आलं असतं."

यशश्रीचा आवाज चढला. "आणि हे तुम्ही आज सांगताय? सोमवारी का नाही सांगितलं? नुसतं 'ओतू नकोस', 'ओतू नकोस'! माणसाला कारण सांगावं की नाही? मी काय तीन वर्षांची आहे?"

"तू ऐकलं असतंस?"

तिने रिकामा कप बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाली, "पुन्हा दिलं की चव परत येते."

ढुंढिराजांच्या हातातला कप बशीवर आपटला. घाटावर रोज मेलेल्यांचे नातेवाईक पाहणारा हा माणूस इतका घाबरलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"दुसऱ्यांदा दिलंस?"

"काल."

"मी दिलं नाही. मला रोज वाटायचं द्यावं. पुरणपोळी समोर आली की वाटायचं. पण दिलं नाही. म्हणून नुसती चवच गेली." ते तिच्याकडे पाहायचं टाळत होते. "तीन वेळा देतात, यशू. तिसरी देऊ नकोस. चव गेली तर जाऊ दे. जेवता येतं तरीही. सवय होते."

"तिसऱ्या वेळेला काय होतं?"

"मला माहीत नाही. मला माहीत करून घ्यायचंही नाही."

सवय होते. स्कूटरवर बसल्यावर तेच शब्द तिच्या कानात घुमत राहिले. एकतीस वर्षं मीठ आणि साखर सारखीच. जगातल्या कुठल्याही वाईनमध्ये नुसतं ओलं काहीतरी. गंगापूर रोडला लागेपर्यंत तिचं ठरलं होतं. द्यायचं नाही. डोळ्यांना दिसतं त्यावर आणि वहीतल्या नावांवर जमेल तेवढं सांगायचं.

६

अकरा वाजता मोहिनी मॅडम पाकीट घेऊन आल्या. बाटलीत काय आहे त्याचा कागद त्या पाकिटात होता. त्यांनी स्वतः दोन ग्लास ओतले, एक आपल्यापुढे, एक तिच्यापुढे. सोमनाथदादाला बाहेर पाठवून दार लावून घेतलं.

यशश्रीने घोट घेतला. ओलं काहीतरी. थुंकली.

"कॅबर्ने आहे," ती म्हणाली. "मर्लो आहे. पेटी व्हर्दो. थोडी कॅबर्ने फ्रां."

"ते कुणीही पुस्तकातून सांगेल. किती किती?"

"कॅबर्ने... निम्म्याहून जास्त."

"किती?"

खिडकीबाहेर द्राक्षाच्या ओळींवर फवारणीचा ट्रॅक्टर चालला होता. यशश्रीने दुसरा घोट घेतला. काही नाही. मोहिनी मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक मऊ हसू आलं. ते हसू यशश्रीला ओळखीचं होतं. वयाने मोठ्या माणसांना आपण हरलेलं आवडतं, तेव्हा ती असं हसतात.

"असू दे गं. वय काय तुझं? घाई करू नये. आमच्या वेळी आम्हाला आठ वर्षं नुसते ग्लास धुवायला लावले होते. उद्यापासून काउंटरला ये, माणसांशी बोलायची सवय होईल."

सवय होईल.

यशश्रीच्या कानशिलात आग उठली. "एक मिनिट, मॅडम," ती म्हणाली. "गाळ बघते."

बेसिनपर्यंत सहा पावलं होती. प्रत्येक पावलाला तिला बाबांच्या बशीवर आपटलेला कप ऐकू आला आणि ती थांबली नाही. तिने तळहात पसरला. निदान कुणाचं तरी नाव घ्यावं असं मनात येऊन गेलं. एकही नाव आठवेना. अंगठ्याच्या बाजूने वाईन खाली गेली. या वेळी तिने पाहिलं. ती बेसिनपर्यंत पोहोचलीच नाही. हातापासून वीतभर खाली, हवेतच, धार संपली.

ती खुर्चीत येऊन बसली. ग्लासात उरलेला घोट तिने तोंडात घेतला.

"कॅबर्ने त्रेसष्ट," तिच्या तोंडून निघालं. "मर्लो अठ्ठावीस. पेटी व्हर्दो सहा. कॅबर्ने फ्रां तीन."

मोहिनी मॅडमनी पाकीट फाडलं. कागद वाचला, पुन्हा वाचला. त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"आकडा न् आकडा बरोबर. कसं...? थांब, थांब. पिंपाचं लाकूड सांगता येईल?"

"निम्मी पिंपं नवी. अठरा महिने."

"अगं, हे मी लिहूनच घेते." त्यांनी चष्मा चढवला, वही उघडली आणि मान खाली घातली. "बोल."

यशश्री बोलत राहिली. मळ्याचा उतार कुठल्या दिशेला, त्या वर्षी पाऊस किती उशिरा आला, कुठल्या ओळीतली द्राक्षं आधी तोडली. शब्द अडखळत नव्हते. रिझर्व्ह तिची झाली होती, काउंटर टळला होता, आणि जिभेवर तो सगळा मळा उभा होता. सवयीने तिने ग्लास उचलून पांढऱ्या कागदावर कलता धरला. तळाशी बोटभर वाईन काचेच्या पोटावर पातळ पसरली.

त्या तांबड्या पापुद्र्याखाली ओठ होते.

प्रतिबिंब असेल, तिला वाटलं. पण प्रतिबिंब वाईनच्या पृष्ठभागावर दिसतं. हे ओठ खालून वर आले होते, काचेला टेकून, म्हाताऱ्या माणसाच्या ओठांसारखे सुरकुतलेले आणि ओले. ते हलत होते. ते म्हणत होते, "तोडणी सकाळी, दव असताना."

आणि तिच्या कानांवर, तिच्याच आवाजात, तेच शब्द येत होते.

यशश्री गप्प झाली. तिने तोंड मिटलं, दातांवर दात दाबले, हात तोंडावर घट्ट धरला.

ओठ हलतच राहिले.

"हं," मोहिनी मॅडम मान खाली घालून म्हणाल्या. त्यांचं पेन कागदावर भराभर चाललं होतं. "हं... वा, अगदी बरोबर. पुढे? बोल, यशश्री, पुढे बोल."